‘पावणेतीन’ म्हणजे तीन आणि पाऊण का नाही?

विचारणा

काल मुलीचा गणिताचा सराव घेत होते. ‘पावणेतीन अंकांत लिही’ म्हटलं, तर तिने ३ ३/४ लिहिलं. कसं काय, विचारलं तर म्हणाली, “पाऊण म्हणजे तीन चतुर्थांश ना? मग तीन आणि पाऊण.” मला पटकन काही सुचेना. साडेतीनमध्ये तीन आहेत, सव्वातीनमध्ये तीन आहेत, मग पावणेतीनमध्येच एक कमी कसा? शिवाय ‘पूर्णांकयुक्त’ आणि ‘अंशाधिक’ हे शब्द तिला पाठ आहेत, पण त्यांचा अर्थ तिला लागलेला नाही. या शब्दांची कोणी फोड करून देईल का?

उत्तर

मुलीचा तर्क चोख आहे, तो चूक म्हणून खोडू नका. शब्द उघडून दाखवा.

पाऊण म्हणजे पाद + ऊन. पाद म्हणजे चौथा हिस्सा, आपला पाव. ऊन म्हणजे उणा. म्हणजे पाऊण या शब्दात ‘तीन चतुर्थांश’ कुठेच नाही; आहे ते ‘पाव कमी’. नुसतं पाऊण म्हटलं की एकाला पाव कमी, पावणेतीन म्हटलं की तिनाला पाव कमी. हाच ‘ऊन’ मुलीला आधीच ठाऊक आहे: एकोणतीस म्हणजे तिसाला एक उणा. एकोणतीस आणि पावणेतीस शेजारी लिहायला सांगा. दोन्ही तिसाच्या अलीकडे, एक पूर्ण घर मागे आणि दुसरा पाव घर मागे. हे एकदा दिसलं की ३ ३/४ पुन्हा लिहिलं जाणार नाही.

सव्वा आणि साडे मात्र मिळवणारे आहेत. सव्वा म्हणजे सपाद, पावासह. साडे म्हणजे सार्ध, अर्ध्यासह. दीड आणि अडीच यांची घडण आणखी वेगळी, आणि मला ती फार आवडते. अडीचच्या मुळाशी अर्धतृतीय आहे: दोन पुरे झाले, तिसरा अर्धाच. दीडमध्ये दुसरा अर्धा. औटकीच्या पाढ्यातला औट म्हणजे अर्धचतुर्थ, साडेतीन. जर्मनमध्येही दीडाला ‘आन्डर्टहाल्ब’ म्हणतात, अर्थ तोच, दुसरा अर्धा.

भास्कराचार्यांच्या लीलावतीत (११५०) या दोन्ही रीतींना स्वतंत्र नावं आहेत. पूर्णांकात भाग मिळवला तर भागानुबंध, वजा केला तर भागापवाह. तिथलं उदाहरणही नेमकं हेच आहे: पावासह दोन आणि पाव वजा तीन. म्हणजे सव्वादोन आणि पावणेतीन.

आणखी एक उत्तर

वरच्या उत्तराला जोडून ‘पूर्णांकयुक्त’बद्दल. मी बरीच वर्षं लहान मुलांना गणित शिकवते. या नावातला सगळ्यात कामाचा तुकडा ‘युक्त’ आहे. ३ १/२ लिहिताना मधलं अधिकचं चिन्ह आपण गाळतो. ते चिन्ह म्हणजे हा ‘युक्त’. सुरुवातीचे काही दिवस मी मुलांना ३ + १/२ असंच लिहायला लावते. पुढे बीजगणितात ३क म्हणजे ३ गुणिले क असतं, तेव्हा जवळ लिहिलेल्या दोन गोष्टींचा अर्थच बदलतो आणि ज्यांना हा ‘युक्त’ ठाऊक नाही ती मुलं अडखळतात. टंकतानाही जपा: मधली मोकळी जागा विसरली तर ३१/२ होतं, आणि ते साडेपंधरा!

चिन्ह गाळल्याचा खरा त्रास गुणाकारात होतो. अडीच गुणिले साडेतीन दिलं की निम्मा वर्ग ६ १/४ लिहितो: दोन त्रिक सहा, अर्ध्याचा अर्धा पाव. मी चौकटीच्या कागदावर अडीच घरं रुंद आणि साडेतीन घरं लांब असा आयत काढायला सांगते आणि पुरी घरं रंगवायला लावते. सहा रंगतात. मग कडेची अर्धी घरं मोजायची: एका बाजूला तीन, म्हणजे दीड, दुसऱ्या बाजूला दोन, म्हणजे एक, कोपऱ्यात पाव. सहा, दीड, एक आणि पाव, एकूण पावणेनऊ. एका मुलाने ती कोरी अर्धी घरं बोटाने चाचपली आणि विचारलं, “ही मी मोजलीच नव्हती?” त्यानंतर मला काही समजवावं लागलं नाही.

‘अंशाधिक’ म्हणजे अंश छेदाहून अधिक, बस. पण २ ३/४ चा ११/४ करताना ‘छेदाने गुणा, अंश मिळवा’ हा मंत्र आधी देऊ नका. दोन पूर्ण पट्ट्यांचे चतुर्थांश किती? आठ. वर तीन. अकरा चतुर्थांश. हे ‘अकरा पेन्सिली’ म्हणतो तसंच म्हणू द्या. चतुर्थांश ही मोजायची वस्तू आहे असं वाटलं पाहिजे. म्हणून मी ‘अकरा छेद चार’ असं वाचायला उशिरा शिकवते. त्या वाचनात दोन सुटे आकडे ऐकू येतात, वस्तू ऐकू येत नाही.

वजाबाकीतही हेच. सव्वापाचातून पावणेतीन काढताना मुलं पाचातला एक सुटा करतात आणि सवयीने त्याचे दहा धरतात, ४ ११/४ लिहितात. इथे एक सुटा केला तर चार चतुर्थांश मिळतात, दहा नव्हे. ४ ५/४ मधून २ ३/४ गेले, उरले अडीच.

एक दुरुस्ती

‘छेद’ म्हणून वाचायला अगदी बंदी नको. २३/४७ सारखा अपूर्णांक ‘सत्तेचाळिसांश’ म्हणून वाचताना मोठ्यांचीही जीभ अडते. लहान छेदांना अंश, मोठ्यांना छेद, असं मी करतो.

मूळ विचारणा करणारी

मनापासून आभार. घड्याळ घेऊन बसलो. “पावणेतीन वाजले म्हणजे तीन वाजून गेले का?” एवढंच विचारलं. तिने स्वतःच ३ ३/४ खोडलं, २ ३/४ लिहिलं आणि खाली ३ – १/४ सुद्धा. मग तिचा प्रश्न आला: “पावणेदोन आहे, पावणेतीन आहे, मग पावणेएक का नाही?” वरचं उत्तर वाचलेलं असल्याने या वेळी मला सांगता आलं, की पाऊण म्हणजे तेच.