कोस्टा रिकाला सप्टेंबरात जाऊ की जानेवारीत? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी बेळगावातल्या टिळकवाडीचा, जवळचं चोर्ला, जांबोटी सगळं फिरून झालंय, आता बहीण अमेरिकेत आहे तर तिच्याकडून पुढं कोस्टा रिका करून यायचं डोक्यात बसलंय. देश केवढा, तर आपल्या कर्नाटकाच्या तिसऱ्या हिश्शाहून पण लहान, पण घोळ पावसाचा आहे बघा. पॅसिफिक बाजूला डिसेंबर ते एप्रिल कोरडं, म्हणजे मॉन्टेव्हर्देचं ढगातलं जंगल, झिपलाइन तेव्हाच बरं. आणि मला बघायची आहेत कॅरिबियन किनाऱ्यावरच्या तोर्तुगेरोची हिरवी कासवं, ती अंडी घालायला येतात जुलै ते ऑक्टोबर! तिथं रस्ताच नाही, बोटीनं नाहीतर छोट्या विमानानं जायचं. सप्टेंबरात कॅरिबियन बाजूला पाऊस कमी म्हणतात, पण पॅसिफिकला तेव्हाच धो धो, मग कासवं बघून आरेनाल ज्वालामुखीपर्यंतच थांबावं काय?

बायको म्हणते पाऊस नको, गेल्या जूनमध्ये जांबोटीत तिच्या मोज्यात जळू निघालेली, मीठ टाकून काढली, ते ती विसरायला तयार नाही.

अजून एक, आम्ही शाकाहारी. तिथलं गायो पिंतो म्हणजे भात आणि काळा राजमा, त्यावर दहा दिवस निघतील काय? चटणी न्यायचीच आहे. कोण जाऊन आलंय काय, सांगा की.