दर सोमवारी कोपिनेश्वराला जाते, पण मागणं पोचतं का?

कळव्याची सून:
सासूबाईंचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा. मिस्टरांची रबाळे एमआयडीसीतली नोकरी दिवाळीनंतर गेली, त्यात मुलीची दहावी. मासुंदा तलावाजवळच्या कोपिनेश्वराला जाते, मागणं एकच, घर सावर. पण रांगेतही डोक्यात रिक्षाभाड्याचा हिशोब चालतो. असे हात जोडून काही होतं का? सासूबाई मात्र सुई टोचताना 'नमः शिवाय' म्हणतात आणि वर सिस्टरच्या बाळाची चौकशी करतात! तुमचं मागणं ऐकलं गेलं, असं कधी वाटलंय?

ऐरोलीकर:
ताई, हिशोब करत जोडलेले हातही महादेवाला चालतात. मी तर ईएमआयची तारीखसुद्धा त्यालाच सांगतो. पण महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसतं, ते बघितलंत का? रेशनकार्ड, आधार घेऊन योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटा. देव माणसं पाठवतो म्हणतात, ती काउंटरमागेही बसलेली असतात.

चेंदणीची आजी:
आमची एकवीरा. हे आजारी होते तेव्हा कार्ल्याला जाऊन नवऱ्याचा जीव मागितला. नाही दिला. खूप भांडले तिच्याशी. मग मासळीची पाटी घेऊन बाजारात बसायला लागले, पोरं शिकली. बळ तिनं दिलं असं मी म्हणते, लेक म्हणतो तुझंच होतं. असू दे. तू मागत राहा गो.

कळव्याची सून:
दादा, आमचं केशरी कार्ड आहे, उद्याच मिस्टरांना पाठवते. आजी, सासूबाईंना तुमचं वाचून दाखवलं. त्या विचारतायत, सध्या पापलेट कसं दिलं?