मदत हवी आहे : नामिबियात हत्तींसाठी भिंत बांधायला जायचंय

नमस्कार मंडळी. जूनमध्ये दोन आठवडे नामिबियाच्या डामारालँड भागात स्वयंसेवक म्हणून जायचं मनात आहे. उगाब नदीच्या कोरड्या पात्रात तिथले वाळवंटी हत्ती फिरतात. तहानलेले हत्ती वस्त्यांवरच्या पाण्याच्या टाक्या, पाइप मोडतात, म्हणून स्वयंसेवक एक आठवडा टाकीभोवती दगडी भिंत रचतात आणि दुसरा आठवडा हत्तींच्या मागावर असतात.

माझं माहेर दोडामार्गचं. एका रात्रीत हत्तींनी आडवी केलेली आमची केळीची बाग मी पाहिली आहे. खांब उभे चिरून आतला गाभा तेवढा खाल्लेला. वडील काही बोलले नाहीत, नुसते बांधावर बसून राहिले. तरी हत्तींवर राग धरवत नाही. नामिबियात १९९६ च्या कायद्याने गावांना आपल्या भागातल्या वन्यजीवांबाबत हक्क मिळाले. तिथे माणसं आणि हत्ती शेजारी कसे राहतात ते मला डोळ्यांनी बघायचंय.

कुणी असं जाऊन आलंय का? पर्यटक व्हिसावर हे बिनपगारी काम चालतं, की वेगळा परवाना लागतो? अदिस अबाबामार्गे गेलात तर पिवळ्या तापाच्या लसीचा दाखला मागितला का? माझं वय ५३, गुडघे ठीक आहेत, पण दिवसभर दगड वाहणं झेपेल? जूनमधल्या रात्री उघड्यावर झोपायला कसलं अंथरूण न्यावं? आणि मुख्य म्हणजे, आपण भरलेल्या पैशातला किती वाटा गावापर्यंत पोचतो, हे संस्थेला नेमकं कसं विचारायचं?