कॉलेजचा पाच वर्षांचा आराखडा नेमका कुणासाठी?

टिळकवाडीकर
कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या सहाव्या निकषात संस्थेने रणनीती कशी आखली आणि कशी अमलात आणली, हे दाखवावं लागत आलंय. म्हणून बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, कुठंही जा, प्राचार्यांच्या कपाटात आराखडा असतोच. मी इकडच्याच एका कॉलेजात शिकवतो. माझं स्पष्ट मत आहे की हे आराखडे नॅकच्या तपासणी समितीसाठी लिहिले जातात. समिती गेली की कॉलेज पुन्हा ऑफिसातल्या दोन-तीन जाणत्या माणसांवर चालतं.

चंदगड, गडहिंग्लजची पोरं महाराष्ट्र बोर्डाची बारावी करून इकडे येतात. त्यांना मायग्रेशन लागतं, विद्यापीठाचं पात्रता प्रमाणपत्र लागतं. आमचे हेडक्लार्क अर्ज हातात घेतला की सांगायचे, हा कागद अडणार. दाखल्यावर आडनावाचं स्पेलिंग एक आणि मार्कलिस्टवर दुसरं असेल, तर दुरुस्ती आधी कुठून करून आणायची, तेही सांगायचे. ते निवृत्त झाले आणि मागे एक ओळही लिहिलेली नव्हती. पुढच्या प्रवेशांना मुलं, त्यांचे आईवडील खिडकीपाशी दिवस दिवस उभे. एवढ्या जाडजूड आराखड्यात या कामाचा उल्लेखच नव्हता. संस्थेत जे ज्ञान आहे ते टिकवणं, ही पहिली रणनीती असायला हवी.

शहापूरच्या मॅडम
सर, पटलं नाही. जाणत्या माणसाला कालपर्यंतचं सगळं ठाऊक असतं. पण बी.ए.ला पाच वर्षांनी मुलं येतील का, मराठी विभागाच्या रिकाम्या जागेसाठी भांडायचं की ती शक्ती दुसरीकडे लावायची, हे हेडक्लार्क कसं सांगणार? रणनीती म्हणजे काय सोडायचं ते ठरवणं, आणि ते सगळ्यांसमोर, लिहून ठरवावं लागतं. नाहीतर ज्याचा आवाज मोठा, त्याचा विभाग वाढतो. हे मी व्यवस्थापनाच्या बैठकांत बसून पाहिलंय.

टिळकवाडीकर
मॅडम, लिहून ठरवलेल्याचं काय झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलं. 2021 मध्ये राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार कर्नाटकात चार वर्षांची पदवी आली. मग राज्याचं स्वतःचं शिक्षण धोरण ठरवायला नेमलेल्या सुखदेव थोरात आयोगाचा अंतरिम अहवाल आला आणि 2024 मध्ये पदवी पुन्हा तीन वर्षांची झाली. पाच वर्षांचा आराखडा तीन वर्षांत कालबाह्य. जुन्या आणि नव्या अभ्यासक्रमाच्या परीक्षा एकाच वेळी कुणी निभावल्या? परीक्षा विभागात मुरलेल्या माणसांनी. व्यवस्थापनाचे अभ्यासक हेन्री मिंट्झबर्ग म्हणतात की रणनीती कागदावरून उतरते तशीच रोजच्या कामातूनही घडत जाते. आपल्याकडे तरी मला ती कामातूनच घडताना दिसते.

उद्यमबागवाला
मी फाउंड्रीत हाय, कॉलेजचं मला कळत नाही. पण ज्ञान टिकवायचं म्हणताय म्हणून सांगतो. साच्याच्या वाळूत ओलावा जास्त झाला तर लोखंड ओतल्यावर वाफ धरते, कास्टिंगला भोकं पडतात. कमी झाला तर साचा ढासळतो. आमच्यात एक म्हातारे मिस्त्री होते. मूठभर वाळू दाबायचे, मूठ उघडून बोटांचे वळ बघायचे, मग गोळा मधोमध मोडायचे. कड साफ तुटली तरच पुढं. मालकांनी लॅब टाकली, रजिस्टर सुरू केलं. पण नव्या पोरांना नुसतं रजिस्टर दिलं नाही की ओ. मशिनवर आकडा बघ, तीच वाळू मिस्त्रींच्या समोर मुठीत धर, असं शिकवलं. ते मिस्त्री आता घरी असतात, पण काम अडलं नाही. हे आपोआप झालं नाही, मालकांनी ठरवून केलं.

जांबोटीची लेक
सर, तुमच्या हेडक्लार्कबद्दल आदर ठेवून बोलते. मी खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेत शिकले, घरातली पहिली पदवीधर. माझ्या वेळीही ऑफिसात असेच एक जाणते होते. ज्यांचे काका, मामा त्यांच्या ओळखीचे, त्यांना एका फेरीत सगळं कळायचं. आम्हाला मात्र "उद्या या". सरकारी परिपत्रक कन्नडमध्ये, अर्ज इंग्रजीत, आणि विचारायचं त्या एकाच माणसाला. एकाच डोक्यात असलेलं ज्ञान म्हणजे सत्ताही असते. वस्तीच्या एसटीने परत जाताना त्याचं दुःख काय असतं, ते मला माहीत आहे. कागदांची यादी मराठी, कन्नड, इंग्रजीत खिडकीवर लावा. आराखड्यात बाकी काही नसलं तरी चालेल, एवढं पाहिजेच.

टिळकवाडीकर
ताई, तुमचा मुद्दा माझ्यापेक्षा खोल गेला. ज्ञान एकाकडे राहू नये, हे शंभर टक्के मान्य. पण यादी लावून निम्मंच काम होतं. स्पेलिंगच्या घोळासारखी प्रकरणं दरवर्षी नवीन रूपात येतात. ती फाउंड्रीवाल्या दादांनी सांगितलं तशी शेजारी बसूनच शिकावी लागतात. जपानी कंपन्यांचा अभ्यास करून इकुजिरो नोनाका यांनी हेच मांडलं होतं. आणि आपल्याकडे शेजारी बसायला आहे कोण? शिकवायला अतिथी प्राध्यापक, ऑफिसात कंत्राटी मुलं. शिकून तयार होतात तोवर मुदत संपते.

शहापूरच्या मॅडम
मग हेच लिहून घ्या ना, सर. निवृत्तीच्या आधीचं वर्षभर हेडक्लार्कच्या शेजारी कोण बसणार, त्याचा पगार कुठल्या खात्यातून, आणि त्या वर्षी त्यांच्याकडचं कुठलं काम कमी करायचं? हे तुम्ही बैठकीत तोंडी मांडलंत तर सगळे माना डोलावतील आणि चहा येईल. आराखड्यात पैशांसकट आलं तर मला व्यवस्थापनापुढे भांडता येईल. मसुदा तुम्ही करा, खिडकीच्या यादीचं कलम ताईंनी लिहावं. पुढच्या बैठकीत मी तो मांडते.