कोजागिरीचं दूध, अमेरिकन गॅलन आणि इथल्या पाइंटच्या बाटल्या: हिशोब कुठे चुकतोय?

निळं_झाकण (मँचेस्टर)

मंडळी मदत हवीये, आणि जरा घाईत. शनिवारी आमच्या मंडळाची कोजागिरी आहे, ४८ जणांनी नावं दिलीत आणि मसाला दूध माझ्या गळ्यात पडलंय. रेसिपी नणंदेची, ती न्यूजर्सीला असते आणि दरवर्षी तिकडे पन्नास लोकांचं एकटी करते, त्यामुळे प्रमाणाबद्दल शंका नाही. प्रमाण असं आहे: २ गॅलन होल मिल्क, १ क्वार्ट हाफ अँड हाफ (दूध आणि क्रीम निम्मं निम्मं), इव्हॅपोरेटेड मिल्कचे १२ औंसाचे ४ डबे, कंडेन्स्ड मिल्कचे १४ औंसाचे २ डबे, साखर ३ कप, मसाला तिच्या हातचा, तो पार्सलने आलाय.

गेल्या रविवारी मी ट्रायल म्हणून सगळ्याचं पाव प्रमाण घेतलं. म्हणजे दूध अर्धा गॅलन, अर्धा गॅलन म्हणजे ४ पाइंट, आणि इथे तर निळ्या झाकणाची ४ पाइंटची बाटली आयतीच मिळते, म्हटलं किती सोप्पं. आख्खी बाटली ओतली. तर दूध पातळ आणि अळणी म्हणावं इतकं कमी गोड, नवरा म्हणाला आजारी माणसाला देतात तसं लागतंय. (तो प्यायला मात्र दोन कप.)

मग क्रीमच्या वेळी लक्षात आलं की काहीतरी गोंधळ आहे. पाव क्वार्ट म्हणजे अर्धा पाइंट, नणंद फोनवर म्हणाली अर्धा पाइंट म्हणजे ८ औंस. माझ्या मापाच्या काचेच्या भांड्यावर अर्ध्या पाइंटची रेघ १० औंसाला आहे! आधी वाटलं भांडंच चुकीचं छापलंय. दुसरं काढलं, त्यावरही १०. आता मला सांगा चूक कोणाची, माझी, भांड्याची की नणंदेची? (शेवटचा पर्याय असेल तर हळू सांगा.)

---

पटकन_सांगतो

सोप्पंय. यूकेचा गॅलन ४.५४६ लिटर, अमेरिकेचा ३.७८५ लिटर. तिकडचं माप इकडे आणताना १.२ ने भागायचं, इकडचं तिकडे नेताना गुणायचं. झालं काम. हे गूगलनेही सांगितलं असतं.

---

मोजूनमापून

पटकन, तुझं गॅलनचं बरोबर आहे पण १.२ सगळीकडे लावायला सांगू नकोस, औंसाला लावलं की ती बाई आणखी गोत्यात येईल.

निळं झाकण, चूक कोणाचीच नाही. पाइंट दोन आहेत. इंग्लंडचा पाइंट २० फ्लुइड औंसाचा (वजनाचा नाही, पातळ पदार्थ मापायचा औंस), अमेरिकेचा १६ चा. त्यामुळे तुझ्या भांड्यावर अर्धा पाइंट १० औंसाला आणि नणंदेचा ८ ला, दोघी खऱ्या. वर आणखी एक वांधा आहे, औंससुद्धा सारखा नाही. इंग्लिश औंस २८.४१ मिली, अमेरिकन २९.५७ मिली. म्हणजे औंस इंग्लंडचा लहान पण पाइंटमध्ये औंस जास्त, म्हणून पाइंट मोठा: इथला ५६८ मिली, तिथला ४७३. पुढे दोघांकडेही २ पाइंटचा क्वार्ट आणि ४ क्वार्टचा गॅलन हे गणित एकच आहे, आणि घोळ इथेच होतो. तू "अर्धा गॅलन म्हणजे ४ पाइंट" म्हणालीस ते दोन्ही देशांत खरं आहे, फक्त गॅलन न्यूजर्सीचा घेतलास आणि पाइंट मँचेस्टरचे.

बाटलीवर बघ, ४ पाइंटच्या शेजारी २.२७२ लिटर लिहिलेलं असतं. नणंदेचा अर्धा गॅलन १.८९३ लिटर. म्हणजे ट्रायलमध्ये जवळजवळ ३८० मिली दूध जास्त पडलं, साखर-मसाला तेवढाच राहिला. पातळ नाही होणार तर काय.

हे असं का झालं तर, इंग्लंडमध्ये पूर्वी वाइनचा गॅलन वेगळा आणि एल नावाच्या बिअरचा वेगळा असायचा, वाइनचा २३१ घन इंच आणि बिअरचा २८२. अमेरिका वेगळी झाली ती वाइनच्या गॅलनला धरून बसली, अजूनही त्यांचा गॅलन बरोब्बर २३१ घन इंच आहे. इंग्लंडने १८२४ च्या कायद्याने जुने गॅलन मोडीत काढून एक नवा इंपीरियल गॅलन केला, ६२ अंश फॅरनहाइटला १० पौंड पाणी मावेल एवढा. १० पौंड म्हणजे १६० औंस वजन, म्हणून त्या गॅलनचेही १६० फ्लुइड औंस केले. अमेरिकेत गॅलनला १२८ च राहिले. शाळेतल्या पोरांसाठी इंग्लंडात म्हण आहे की पाइंटभर पाणी सव्वा पौंड भरतं, आणि अमेरिकेत म्हणतात जगभर कुठेही जा, पाइंट म्हणजे पौंडच. जगभर म्हणे!

---

निळं_झाकण

बापरे, म्हणजे नणंद सुटली आणि मीही सुटले 😀 थँक्यू थँक्यू. पण आता डब्यांची धास्ती बसलीये. कंडेन्स्ड मिल्कचा १४ औंस आणि इव्हॅपोरेटेडचा १२ औंस, हे अमेरिकन औंस म्हणून २९.५७ ने गुणायचे ना? कंडेन्स्डचे मग ४१४ मिली येतात, पण इथल्या डब्यावर मिली नाहीच, ३९७ ग्रॅम आहे. आणि कप? मी आमच्या चहाच्या मगने साखर घातली होती.

---

लेबलवाली

माझं कामच फूड लेबल तपासायचं आहे त्यामुळे राहवलं नाही. थांब, कंडेन्स्डला २९.५७ ने गुणू नकोस!

अमेरिकेत कंडेन्स्ड मिल्कच्या डब्यावर नुसतं औंस असतं, इव्हॅपोरेटेडच्या डब्यावर फ्लुइड औंस. शेजारी शेजारी ठेवलेले डबे, एक वजनाने आणि एक मापाने. कंडेन्स्डचे १४ औंस म्हणजे वजन, २८.३५ ने गुण, ३९७ ग्रॅम, म्हणजे तुझा इथला डबा तोच आहे, एकास एक घे. ते इतकं दाट असतं की ३९७ ग्रॅम जेमतेम ३०० मिलीत मावतं, तू ४१४ मिली मोजून घातलं असतंस तर पाचशेच्या वर ग्रॅम गेले असते आणि मग नवऱ्याने उलट तक्रार केली असती.

यातली गंमत म्हणजे इंग्लिश मापाने १४ फ्लुइड औंस केलेस तर ३९८ मिली येतात. आकडा ३९७ ला इतका चिकटून की माणसाला वाटतं वा, जुळलं. ते जुळतं पाण्यापुरतं, कारण वर मोजूनमापूनने लिहिलंय तसं इंग्लिश फ्लुइड औंस पाण्याच्या वजनावरूनच बेतलाय. कंडेन्स्ड मिल्क, मध, काकवी, यांना ते लागू नाही.

इव्हॅपोरेटेडचे १२ मात्र फ्लुइड औंस, ३५४ मिली, डब्यावर लिहिलेलंच असतं. इथला डबा ४१० ग्रॅमचा, मापाने साधारण ३८० मिली. चार डबे घे आणि शेवटच्यातलं शंभर-सव्वाशे मिली ठेवून दे.

कप म्हणजे अमेरिकन कप, ८ त्यांचे औंस, २३७ मिली. त्यात साखर २०० ग्रॅम बसते. ३ कप म्हणजे ६०० ग्रॅम, सरळ काट्यावर तोल, मग-बिग विसर.

हाफ अँड हाफ इथे मिळत नाही. सिंगल क्रीम आणि होल मिल्क निम्मं निम्मं मिळून ९५० मिली कर. आणि जुन्या इंग्लिश पुस्तकांत २८४ मिली क्रीम असं विचित्र माप दिसलं तर दचकू नकोस, तो अर्धा पाइंट आहे, पूर्वी डबे तसेच यायचे.

---

रॉकेलवाले_आजोबा

पोरींनो छान चाललंय. मी ७८ वर्षांचा आहे, आमचं सातारा जिल्ह्यात किराणा दुकान होतं. रॉकेलचा पत्र्याचा चौकोनी डबा यायचा तो चार गॅलनचा, इंग्लिश गॅलन बरं का. मी लहानपणी डब्याला कान लावून बोटाने टकटक करून किती उरलंय ते सांगायचो. पुढे मेट्रिक आलं, कायदा १९५६ चा, दुकानात पोचायला आणखी काही वर्षं गेली. वडील लिटरने विकायला लागले तेव्हा त्यांनी दाराच्या मागे खडूने लिहून ठेवलं होतं, एक डबा १८ लिटर आणि वर थोडं. मला तेव्हा प्रश्न पडायचा की अठराच का, सरळ वीस का नाही. आता गुणून बघा, ४ गुणिले ४.५४६, १८.१८ येतात. ते "वर थोडं" म्हणजे वडिलांचा नफा 😄

बाकी इंग्रजांना हसू नका. आपल्याकडे धान्याला दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली, हेही दुपटी-चौपटीचंच गणित होतं, आणि पायली गावागणिक वेगळी. शेजारच्या गावचा माणूस आला की आधी विचारायचा, पायली तुमची का आमची? वर शीग लावून देणार का सपाट, हा भांडणाचा विषय वेगळा.

---

टोरांटोकर

आजोबा 👌 डबा वाचून आमच्या गावच्या घरातलं नरसाळं आठवलं.

कॅनडाची भर घालतो. आमच्याकडे मेट्रिकच्या आधी गॅलन इंग्लंडचाच होता, आणि बॉर्डर ओलांडली की अमेरिकेचा. बिअरचा पाइंट अजूनही कायद्याने २० इंग्लिश औंसाचा, दूध मात्र ४ लिटरच्या पिशवीत, आत तीन छोट्या पिशव्या. म्हणजे अमेरिकेतली रेसिपी असेल तर आमचं एक पिशवं गॅलनपेक्षा २१५ मिली जास्त भरतं, ते चहात खपतं.

गाडीवाल्यांनी पण जपा. यूकेत पेट्रोल लिटरने मिळतं पण मायलेज मैल पर गॅलनमध्येच सांगतात. मी तिकडच्या साईटवर माझ्या गाडीचा ४५ चा आकडा बघून खूश झालो होतो, मित्राची अमेरिकेतली गाडी ३८ देते म्हणून त्याला चिडवलं पण. हिशोब केला तर यूकेचे ४५ म्हणजे १५.९ किलोमीटर लिटरला, अमेरिकेचे ३८ म्हणजे १६.२. मित्राला अजून सांगितलेलं नाही.

---

पटकन_सांगतो

ओके ओके, औंसाला १.२ नाही लावायचं. मान्य. पण आमच्याकडे बाळाच्या बाटलीवर १ औंस = ३० मिली आहे, ते कोणाचं?

---

मोजूनमापून

ते कोणाचंच नाही रे, सोयीसाठी गोल केलेलं. ४ औंसाला १२० मिली, ८ ला २४०. बाळाला दीड मिलीने फरक पडत नाही. तुझ्या पेगला पण ३० च धरतात ना, तेव्हा तक्रार करत नाहीस.

---

निळं_झाकण

रविवार सकाळ, रिपोर्ट देते.

शेवटी सगळं लिटर आणि ग्रॅममध्ये लिहून फ्रिजवर चिकटवलं. दूध हवं होतं ७.५७ लिटर. ६ पाइंटच्या दोन बाटल्या आणि २ पाइंटची एक घेतली, ते झाले ७.९५, त्यातलं पावणेचारशे मिली बाजूला काढलं. बाकी लेबलवाली म्हणाली तसंच. साखर शेवटी मीच ५० ग्रॅम वाढवली कारण आमच्या मंडळात गोडखाऊ जास्त. ४८ नावं होती, आले ५३, तरी सगळ्यांना पुरलं आणि पातेल्याच्या बुडाला खरवड राहिली ती मुलांनी चमच्याने खाल्ली.

नणंदेला फोन करून सगळं सांगितलं, पाइंट, औंस, वाइनचा गॅलन सगळं. ती म्हणाली, अगं मी कधी पाइंट मोजलेच नाहीत, आमच्याकडे गॅलनचा कॅन मिळतो, दोन ओतते. आणि मग विचारलं, चंद्र दिसला का दुधात? मँचेस्टर आहे हो वन्सं, म्हटलं, ट्यूबलाइट दिसली.