काउंटरवर मोठ्या माणसांशी कसं बोलावं : काका, अण्णा, साहेब की नुसतं तुम्ही?

हिशेबनीस (निपाणी)
पतसंस्थेच्या काउंटरवर नवीन पोरं बसली आहेत. निम्मी मराठी घरची, निम्मी कन्नड घरची. त्यांच्यासाठी एका पानाची सूचना करायची आहे. चाळिशीतल्या बायकांना 'मावशी' आवडत नाही, हे समजतं. पण पोरगं कधीच 'तू' म्हणत नसताना वयस्कर माणसांना ते उद्धट का वाटतं, हे कळेना. आणि पत्रात काय लिहावं?

खानापूरकर
गोम क्रियापदात आहे. मराठीत मान 'तुम्ही'पेक्षा क्रियापदाच्या शेपटात जास्त असतो. ये-या, बस-बसा, दे-द्या, हा फरक लगेच कानाला लागतो. पण 'जा', 'खा' यांत तो उरतच नाही : तू जा, तुम्ही जा. गर्दीत पोरगं 'तीन नंबरला जा' म्हणतं, 'तुम्ही' गिळलेलं असतं, आणि समोरच्या आजोबांना निव्वळ एकेरी ऐकू येतं. आपल्याकडं यावर जुना उपाय आहे : 'जावा'. पुण्याकडच्या कानाला ते अशुद्ध वाटेल, वाटू दे. निपाणी-कोल्हापूर पट्ट्यात तो आदराचाच प्रयोग आहे. सूचनेत सरळ लिहा, 'तीन नंबरला जावा.'

काउंटरवर 'आपण' मात्र नको. 'आपण इथं सही करायची' म्हटलं की ग्राहक विचारतो, कुणी? मी का तुम्ही? पत्रात 'आपण' चांगलं.

दोन्ही_भाषा (चिक्कोडी)
कन्नड घरच्या पोरांची अडचण वेगळी. त्यांच्या भाषेतही नीनु-नीवु हा तू-तुम्हीसारखाच भेद आहे. 'बर्री, कूड्री, इल्ली सही माड्री' (या, बसा, इथं सही करा), या 'री'त सगळा मान भरलेला. हाक मारतानाही 'गौड्रे', 'पाटील्रे'. हा 'रे' म्हणजे 'अवरे'चा आखडलेला तुकडा, आपल्या 'पाटीलसाहेब'सारखा. मराठी माणसाला मात्र त्यात 'काय रे'मधला 'रे' ऐकू येतो आणि तो चिडतो. मान देणाऱ्यालाच उद्धट ठरवलं जातं, याचं फार वाईट वाटतं. सूचनेत दुसरं काही राहिलं तरी चालेल, हा 'रे' दोन्हीकडच्या पोरांना समजावून सांगाच.

आणखी एक. कन्नडात 'अवरु बंदरु' (ते आले, त्या आल्या) बाईलाही आणि पुरुषालाही. त्या सवयीनं मराठीत 'मॅडम आले' येतं. 'मॅडम आल्या' हे घोटून घ्या.

शहापूरची
'मावशी'चा राग नुसता वयाचा नाही. शाळेतल्या आयाला मावशी आणि शिपायाला मामा म्हणायची रीत पडली आहे. नात्याचा शब्द हुद्द्याचा झाला, तो ऑफिसात ऐकला की बाईला कमी लेखल्यासारखं वाटतं. नातं लावायचंच तर अण्णा, अक्का. दोन्ही भाषांत थोरला भाऊ आणि थोरली बहीण, शिवाय माणसाला एक पिढी वर ढकलत नाहीत. पहिल्या भेटीत तेही नको. 'या, बसा, काय काम होतं?' एवढं पुरतं. पासबुक हातात आलं की आडनाव दिसतं, मग साहेब किंवा मॅडम. 'ओ बाई' कधीच नको.

खेड्यातले आजोबा 'काय रे पोरा' म्हणतील. ती माया आहे, पण उत्तर 'तुम्ही'नंच द्यायचं.

हिशेबनीस (निपाणी)
'जावा' आणि 'रे', दोन्ही सूचनेत वरच घातले. पत्राचं कुणी सांगेल?

खानापूरकर
'श्रीमती' सांभाळा. कन्नडात लग्न झालेल्या बाईच्या नावाआधी सर्रास श्रीमती लावतात. मराठी घरांत मात्र अजून बऱ्याच ठिकाणी सौ. म्हणजे नवरा हयात आणि श्रीमती म्हणजे विधवा असंच वाचलं जातं. कन्नड नमुन्यावरून मराठी पत्र उतरवलं की सवाष्ण बाईच्या दारात 'श्रीमती' जाऊन पडतं, आणि सासूबाई पत्र घेऊन काउंटरवर येतात. सरसकट सौ. लावलं तर जिचा नवरा नुकताच गेला तिच्या हातात ते पडतं, ते तर त्याहून वाईट. म्हणून खातं उघडायच्या फॉर्मवर 'नावाआधी काय लिहावं' असा रकाना ठेवा. तो रिकामा राहिला तर नुसतं पूर्ण नाव आणि पुढं 'यांना'.

वारसाच्या पत्रातही तेच. सगळ्यांना 'कै.' लावू नका. लिंगायत घरांत 'लिं.' (लिंगैक्य) लिहितात, मुसलमान घरांत 'मरहूम'. वारसाच्या अर्जात घरच्यांनी जे लिहिलं असेल, तेच जसंच्या तसं उतरवा.