‘भारत एक खोज’मधील फेटे चौकटीबाहेर का जातात?

प्रश्न: श्याम बेनेगल यांची १९८८ सालची ५३ भागांची ही मालिका मी सध्या ओटीटीवर पुन्हा पाहत आहे, मात्र पात्रे जवळून दाखवली की त्यांचे फेटे अर्धे कापले जातात. हा दोष मूळ चित्रणातलाच आहे का?

प्रतिसाद १: मुळीच नाही. तेव्हाचा दूरदर्शन संच ४:३ (रुंदी:उंची) प्रमाणाचा होता आणि आजचा पडदा १६:९ चा आहे, त्यामुळे बाजूंना काळे पट्टे दिसू नयेत म्हणून काही ठिकाणी चित्र पडद्याच्या रुंदीइतके मोठे केले जाते आणि वरखालचा मिळून सुमारे २५ टक्के भाग गळतो. आधी संचातील ‘झूम’ बंद करून पाहा; तरीही फरक पडला नाही, तर प्रतच कापलेली आहे असे समजावे.

प्रतिसाद २: प्रसार भारतीने नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्यातील इफ्फी या चित्रपट महोत्सवात सुरू केलेल्या ‘वेव्हज’ या ओटीटी मंचावर दूरदर्शनच्या जुन्या मालिका आहेत, तिथेही शोध घ्यावा. नसीरुद्दीन शाह यांनी साकारलेले शिवाजी महाराज आणि ओम पुरी यांचा औरंगजेब पूर्ण चौकटीतच पाहावेत. काळे पट्टे (मला तरी) दोन मिनिटांत दिसेनासे होतात.

प्रश्नकर्ता: ‘झूम’च सुरू होते. आभारी आहे.